हुमनाबादला उसनं दिलेलं चित्र

डायलिसिसच्या खोलीत माझ्या बायकोच्या खाटेसमोर जी भिंत होती, तिच्यावर मूत्रपिंडाचा उभा छेद टांगलेला होता. औषध कंपनीनं फुकट दिलेला तक्ता. तांबड्या-निळ्या नळ्या, बाण, इंग्रजी नावं. दर मंगळवारी आणि शनिवारी चार-चार तास तिला त्याच्याकडे बघत पडून राहावं लागे. डाव्या हातात सुया असायच्या, त्यामुळे कुशीवर वळायचीही सोय नव्हती.

"हे चिरलेलं वांगं काढा की कुणीतरी," ती एकदा सिस्टरला म्हणाली. "आमचं जे बिघडलंय तेच आमाला कामून दाखवायलात?"

सिस्टर कलबुर्गीकडची, घरात कन्नड बोलणारी. मराठी तिला सगळी कळायची, बोलताना मात्र अडखळायची. ती हसून म्हणाली, "डॉक्टरांना सांगते अक्का." दवाखान्यात असं सांगितलेलं सहसा हवेत जातं, पण हिनं खरंच सांगितलं.

मी बसवकल्याणच्या एका मराठी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. आमच्या भागात ड्रॉइंग मास्तर म्हणजे गॅदरिंगचा पडदा रंगवणारा, फळ्यावर सुविचार लिहिणारा आणि निवडणुकीत मतदारांच्या बोटाला शाई लावायला पाठवला जाणारा माणूस. त्याच्या घरी तैलरंगातली चित्रं असतील असं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि आलं तरी ती बघायला कुणी येत नाही. माझी चित्रं माळ्यावर जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवलेली होती. निवृत्त झाल्यावर एकदा खाली काढू असं मी म्हणत होतो. निवृत्त झालो आणि त्याच वर्षी हिचं दुखणं निघालं.

दवाखाना हुमनाबादला, हायवेच्या कडेला. डॉक्टर तिथलाच, शिक्षणासाठी बरीच वर्षं बाहेर राहून परत आलेला. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की तिकडच्या मोठ्या दवाखान्यांतून भिंतीवर खरी चित्रं लावतात, विकत घेऊन नव्हे तर चित्रकाराकडून काही महिन्यांपुरती उसनी आणून. पेशंटचं मन त्यात गुंततं. "प्रिंट नको सर, ओरिजनल पाहिजे," तो म्हणाला. हुमनाबादमध्ये ओरिजनल हा शब्द मी आजवर लॉरीच्या स्पेअर पार्टबद्दलच ऐकला होता. पण मला राग आला तो शब्दाचा नाही. आयुष्यभर ज्याला कुणी विचारलं नाही त्याला आता, बायको आत सुया टोचून पडलेली असताना, हे विचारतात याचा राग आला. मी म्हणालो, तिथं फिनेलचा वास, लोकांचे तेलकट हात, रंगाची वाट लागेल. जमणार नाही.

घरी आल्यावर हिनं माझी हजेरी घेतली.

"शेजारणीला साखर उसनी देतो, इळा देतो, परात देतो. चित्रं द्यायला काय झालं? उंदरं बघायल्यात तुमची चित्रं माळ्यावर."

"खराब झाली तर?"

"परात बी पोचा पडून येती की. अन् आपल्याकडं उसनं न्हेलेलं भांडं कुणी रिकामं परत देतंय का? चार दाणे तरी टाकून देत्यात. द्या तुमी."

ती असं एकदा म्हणाली की घरात पुढे चर्चा होत नसे. मी शिडी लावून माळ्यावर चढलो.

पहिलं चित्र निवडायला मला जराही वेळ लागला नाही. आमच्या गावाबाहेरच्या शेतात एक जुनी दगडी विहीर आहे, तिचं चित्र मी अख्खा उन्हाळा तिथं बसून काढलं होतं. पायऱ्या उतरत गेल्यावर खाली हिरवट-काळं गार पाणी, त्यात आभाळाचा एक तुकडा. माझ्या हातून त्याहून चांगलं काही झालेलं नाही, हे मी आजही म्हणेन. बसमध्ये ते मांडीवर धरून नेलं. मूत्रपिंडाचा तक्ता उतरवून मी स्वतः खिळा ठोकला, चित्र सरळ केलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनी वाहवा केली. मी बाहेर बाकावर छाती फुगवून बसलो.

तासाभरानं सिस्टर माझ्याजवळ आली आणि उगाच चादरीच्या घड्या घालत उभी राहिली. "सर, चित्र फार चांगलंय. पण सगळे नीर मागायलेत." म्हणजे पाणी.

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जास्त झालेलं पाणी अंगात साठतं, छातीत भरतं. म्हणून तर दर खेपेला आधी वजन करतात आणि वजन वाढलेलं असलं की बोलणी बसतात. आमच्या घरी तिच्या पाण्याची एक छोटी स्टीलची वाटी होती आणि ती भरायचं काम माझ्याकडे होतं. मी ओतायचो, पाणी काठापासून बोटभर खाली राहिलं की म्हणायचो, "पुरे." ती म्हणायची, "आजकाल तुमच्या तोंडून ह्यो एकच शब्द ऐकायलेय मी." नारळ आणि शहाळं तर साफ बंद, त्यातल्या क्षारानं काळीज बंद पडू शकतं म्हणून. आणि दवाखान्याच्या दारातच शहाळ्याची गाडी उभी असायची. ती गाडीकडे पाठ करून रिक्षात चढायची. हे सगळं मी रोज करत होतो, बघत होतो, आणि तरी तहानलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर भरलेली विहीर नेऊन टांगली होती. चित्रकार म्हणून मी फक्त रंग बघितला.

आत गेलो तर ही माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या हिरीकडं बघून जीभ टाळूला चिकटायलीय. काढा ती. पाणी नको, झाड नको, फळ नको. माणूस लावा एखादं."

माणसाचं चित्र माझ्याकडे एकच धड होतं आणि ते तिचंच होतं.

ते दुखण्याच्या बऱ्याच आधीचं. अंगणात बसून ती सुपात करडई पाखडत होती. मी "जरा वर बघ" म्हणालो आणि तिनं वर बघितलं ते वैतागून. कामाच्या मधे बोलावलेलं तिला कधी खपायचं नाही. भरलेले गाल, ठसठशीत कुंकू, कपाळावर भुस्सा, आणि "आता काय पाहिजे?" असं विचारणारे डोळे. तेवढंच मी पकडलं. चित्र पूर्ण झाल्यावर ती म्हणाली होती, जगात हसणाऱ्या बायका कमी पडल्या का. तरी पुढच्या मंगळवारी ते घेऊन जायला तिनं हरकत घेतली नाही. विहीर उतरली आणि बाई चढली. दोघंतिघं खाटेवरून बघून हसले. "अक्का तिथून बी रागावायल्यात," असं एकजण म्हणाला.

डॉक्टरला काच बसवायची होती. मी नको म्हणालो, काचेत ट्यूबलाइट दिसते, चित्र दिसत नाही. यावर आमची थोडी वादावादी झाली आणि त्यानं ऐकलं.

त्याच आठवड्यातली शनिवारची गोष्ट. आम्ही बसनं उतरून दवाखान्यात पोचलो. ती पुढे, मी पिशवी घेऊन मागे. चपला काढून ती खोलीच्या दारात गेली आणि तिथंच थांबली. चित्राला शेवंतीचा हार घातलेला होता.

घालणारी होती फरशी पुसणारी मावशी. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे साध्या माणसाचं चित्र फ्रेम करून भिंतीवर लागतं ते तो माणूस गेल्यावरच. जिवंतपणी कुणी कुणाला भिंतीला लावत नाही. आणि हे तर दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीत. मावशी मंगळवारी सुट्टीवर होती, चित्रातल्या भरल्या अंगाच्या बाईचा आणि खाटेवरच्या वाळलेल्या बाईचा संबंध तिला लागला नव्हता. बाहेरच्या देवांच्या तसबिरींना घालून एक हार उरला, तो तिनं श्रद्धेनं इथं घातला.

माझा चेहरा तापला. मी पुढे होऊन हार ओढणार, एवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून एका नव्या पेशंटनं हलक्या आवाजात आपल्या बायकोला विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

"ह्या अक्का कवा गेल्या म्हणं?"

"कुठं गेलेय?" माझी बायको दारातूनच म्हणाली. "आत्ता बसनं आलेय."

मग ती सरळ भिंतीपाशी गेली, टाचा उंचावून हार काढला, त्यातली दोन फुलं तोडून स्वतःच्या अंबाड्यात खोवली आणि उरलेला हार मावशीच्या हातात दिला. "घरी न्हे. देवाला घाल. मला अजून टाइम हाय." मावशीनं कानाला हात लावले, पदरात तोंड लपवलं. खोलीत हसण्याची जी लाट उठली ती बघून मशीनवाला टेक्निशियनसुद्धा "क्या हुआ, क्या हुआ" करत धावत आला. ती शांतपणे वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली.

तो नवा पेशंट हुलसूरचा, बी-बियाण्याचं दुकान चालवणारा, चाळिशीतला. त्याचा तो पहिला दिवस. आदल्या रात्रीपासून तो म्हणत होता म्हणे, की मशीनला लागलं की माणूस संपला, मला घरी न्या. सुई बघून तो उठून बसला. त्याची बायको हात जोडायला लागली. तेव्हा माझी बायको समोरच्या खाटेवरून बोलली.

"ते चित्र बघ, अन् मला बघ. वाळलेय, पण हाय का न्हाई? लई दिवस झाले यायलेय मी हितं. झोप गप."

तो झोपला. पुढे त्याला हीच खोड लागली. सुई टोचताना तो चित्राकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग डोळे मिटायचा. नवं कुणी घाबरून आलं की तोच सांगायचा, "ती भिंतीवरची बाई दिसायलीय का? ती हीच. सगळ्यात जुनी." माझी इतर चित्रंही डॉक्टरनं नेली, बाहेरच्या बोळात लावली, दर काही महिन्यांनी मी ती बदलत राहिलो. हे एक मात्र कुणी बदलू देईना.

त्या खोलीत एक रीत होती. कुणी ठरवलेली नव्हे, आपोआप पडलेली. एखादा पेशंट गेला तर "गेला" असं कुणी म्हणत नसे. "येईनात आजकाल," एवढंच. दुसरा त्या खाटेवर झोपायचा, आणि पुन्हा कुणी विचारायचं नाही. मला ते आधी विचित्र वाटायचं. नंतर मीही तसंच बोलू लागलो.

ती एका मंगळवारी पहाटे घरीच गेली. दवाखान्याची पिशवी आदल्या रात्री भरून तिनं दाराशी ठेवली होती, त्यात शाल, चादर, पोळीचा डबा. मी डॉक्टरला फोन केला. आज येणार नाही म्हणालो. मग सांगितलं, खोलीत कुणाला सांगू नका, तो हुलसूरचा माणूस अर्ध्यात उठून जाईल. तो बरं म्हणाला.

दिवसकार्याला उदगीरहून लेक आली. हार घालायला फोटो शोधू लागली. एकही धड सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात ती दुसरीच कुणी दिसत होती, पोलिसांनी धरून आणलेली. लेक म्हणाली, "अप्पा, आईचं चित्र हाय की तुमी काढलेलं. आणा ते." मी म्हणालो, उसनं दिलंय, असं मधेच मागून आणता येत नाही. तिकडे एका माणसाचा धीर त्यावर आहे.

ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. घरात एकटा बसलो की मला वाटायचं, जोवर चित्र हुमनाबादच्या भिंतीवर आहे तोवर ती तिकडे गेलेली आहे. मंगळवार-शनिवार सरला की येईल. ते चित्र घरी आलं की त्याला हार घालावा लागणार होता, आणि ते मला नको होतं. इतकं साधं होतं ते.

डॉक्टरनं मला बरेच महिने छेडलं नाही. मग एक दिवस फोन आला. खोली वरच्या मजल्यावर न्यायची होती, भिंतींना टाइल्स बसणार होत्या. सगळी चित्रं उतरवायची होती. "ते एक तुम्ही स्वतः येऊन न्या सर," तो म्हणाला.

मी शनिवारी गेलो. बसमध्ये उत्तर घोकून ठेवलं होतं. कुणी विचारलंच तर, ती उदगीरला लेकीकडे आहे, तिकडेच मशीनवर जाते. हुलसूरचा माणूस खाटेवर होता, सुया लावून. मला बघून त्यानं मोकळा हात वर केला. "या सर, बसा. चहा सांगू का?" मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. अक्का कशा आहेत, असं त्यानं विचारलं नाही. त्या खोलीत कुणीच विचारलं नाही.

चित्र आधीच उतरवलेलं होतं. पुसून, एका खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरून, त्यावर उभं ठेवलेलं. मी ते उचलायला वाकलो, तशी त्या माणसाची बायको पुढे आली.

"थांबा सर. तशीच कशी न्ह्यायलाव?"

तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली. रंगाला बोट लागू नये म्हणून कुंकू फ्रेमच्या लाकडाला लावलं, हळद लावली. मग टॉवेलाचं टोक पसरून त्यात खण ठेवला, ओंजळीनं गहू घातले, हळकुंड, सुपारी, आणि वर एक नारळ. चित्रातल्या बाईची ती ओटी भरत होती. सिस्टर हळूच म्हणाली, "आमच्यात ओटीला उडी म्हणतात," आणि तिनंही ओंजळभर गहू घातले. मावशी झाडू भिंतीला टेकवून आली, तिनंही घातले. ज्यांना सुया होत्या ते खाटेवरून बघत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी दुपारी कळालं, सर," हुलसूरचा माणूस म्हणाला. "तुमच्या बसवकल्याणची बस रोज येती की."

"आमी समदे त्या मंगळवारी हितं मशीनीपशी," त्याची बायको म्हणाली. "भरल्या कपाळानं गेल्या अक्का, अन् आमच्यातल्या एकीला बी यायला आलं न्हाई. ओटी राहिली होती."

"मग इतके दिवस चित्र..."

"तुमीच न्ह्यायला येईनात," तो म्हणाला. "आमी म्हणलं, सरांना सोसंना अजून. मावशीला सांगून ठेवलं, चुकून बी हार घालू नको म्हणून."

मी त्याला धीर यावा म्हणून चित्र तिथं ठेवलं होतं, आणि ते सगळे मला धीर यावा म्हणून तिच्याबद्दल गप्प राहिले होते. मी त्या खुर्चीशेजारी फरशीवर बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. कुणी आवरा म्हणालं नाही. मशीनी चालू होत्या.

परतताना बसमध्ये चित्र खिडकीपाशी ठेवलं आणि ओटीचं गाठोडं मांडीवर. उसनं नेलेलं भांडं कुणी रिकामं परत देत नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं.

घरी आधार कार्डाचा फोटो हारासकट उतरवला आणि त्या जागी चित्र लावलं. गव्हाच्या पोळ्या केल्या. लेकीला फोन करून ये म्हणालो, खण तिच्यासाठी ठेवला. नारळ दोन दिवस तसाच होता. त्या खोलीतल्या एकालाही जो चालत नव्हता, तोच त्यांनी निवडून आणला होता.

मग मी तो फोडला. तिची छोटी वाटी काढली, चित्राखाली पाटावर ठेवली आणि पाणी ओतू लागलो. पाणी काठापासून बोटभर खाली राहिलं, तरी हात थांबवला नाही. काठाला आलं, सांडून पाटावर पसरलं. ती वरून नेहमीसारखीच वैतागून बघत होती. नारळातला शेवटचा थेंब पडेपर्यंत मी ओतत राहिलो, आणि पुरे म्हणालो नाही.